चार मात्रांची जागा

रविवारी सकाळी दहाच्या एसटीनं भिवाजी वाशीमला लेकीकडं आले ते नेहमीसारखेच. एका हातात तुरीच्या ओल्या शेंगांची पिशवी, दुसऱ्या हातात वही. शेंगा ओट्यावर गेल्या. वही मात्र त्यांनी मांडीवरच ठेवली, आणि पाणी पिऊन झालं तरी तिच्यावरचा हात काढला नाही. रत्नमाला समजली, नवं गाणं आहे.

तिच्यासमोर बारावीच्या सराव परीक्षेचे बहात्तर पेपर पडले होते आणि ते दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. चौदा वर्षं ती ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत होती. रसग्रहणाच्या प्रश्नाला मुलं काय लिहितात हे तिला आता पेपर न उघडताही सांगता आलं असतं. कवीला असे म्हणायचे आहे की. कवीने फार सुंदर शब्दांत सांगितले आहे की. या कवितेत अनुप्रास अलंकार आहे. कुठं आहे, ते कुणी लिहीत नसे.

“तुहं होऊ दे,” भिवाजी म्हणाले. “मले काई घाई नाई. साडेतीनची गाडी हाय.”

“वाचा ना बाबा. मी ऐकतेय.”

“तू तं लिहून राह्यली.”

“हात लिहितोय. कान मोकळे आहेत.”

भिवाजी हसले. चष्मा पुसला, वही उघडली आणि अर्धवट चालीत म्हणू लागले.

टाकी भरली टेकडीवरी
खाली सुकली घागर

इथं ते थांबले आणि लेकीकडं बघत राहिले. रत्नमालानं एका उत्तराला तीन गुण दिले, पान उलटलं. मग त्यांनी पुढच्या दोन ओळी म्हटल्या.

लिला उभी ती पाठीमागं
शेवट तिचाच नंबर

पुन्हा थांबले. पुन्हा तसंच बघत राहिले.

“दम लागला का, बाबा?”

“नाई.” त्यांनी मान खाली घातली आणि उरलेलं गाणं संपवलं.

हाती माझ्या चावी आली
फिरली उलटी चक्कर

टोकाकडुनी पाणी सुटलं
पहिली भरली घागर

किन्हीराजाच्या पुढं फाट्यावरून आत गेलं की त्यांचं गाव. गावच्या टेकडीवर पाण्याची टाकी. भिवाजींनी सव्वीस वर्षं त्या टाकीची चावी सांभाळली होती. त्यांच्या आधीचा माणूस वरच्या आळीकडून पाणी सोडत खाली यायचा, आणि टोकाला, बौद्धवाड्यापाशी पोचेपर्यंत टाकीचा तळ दिसायचा. भिवाजींनी नोकरीच्या पहिल्या दिवशी उलटीकडून सुरुवात केली. चार दिवस गावात आरडाओरड झाली, मग लोकांना सवय झाली. लिलाबाई, रत्नमालाची आई, जाऊन आता सहा वर्षं झाली होती. गाणं तिचं होतं, हे रत्नमालाला लगेच कळलं. पण पेपर तपासता तपासता माणूस जे ऐकतो ते पेपर तपासल्यासारखंच ऐकतो.

तिनं वही ओढून घेतली. बोटांच्या पेरांवर मोजलं. सोळा, बारा. सोळा, बारा.

“बाबा, दुसरी ओळ दर वेळी चार मात्रांनी कमी पडते.”

“कमी नाई पडत. जागा हाय ते.”

“कसली जागा? चाल लंगडते ना. इथं एकेक शब्द घातला की सरळ होईल.”

भिवाजींनी एक शेंग सोलली. दाणे तळहातावर घेऊन नुसते बघत राहिले. “तू शिकेल हायेस,” ते म्हणाले. “तू म्हनशीन तसं.”

लाल पेन हातातच होता. सुकली घागर ‘सारी’. तिचाच नंबर ‘बाई’. उलटी चक्कर ‘तेव्हा’. भरली घागर ‘माझी’. दोन मिनिटांचं काम. भिवाजींनी गाणं पुन्हा म्हणून बघितलं. या वेळी ते कुठंही थांबले नाहीत.

“बघा, आता कसं सुरळीत झालं.”

“सुरळीत झालं,” ते म्हणाले.

साडेतीनच्या गाडीत बसल्यावर त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “शेंगा आजच उकड वं. उद्यापरेंत वाळतीन.”

तिनं त्या उकडल्या नाहीत.

सोमवारी सकाळी पावणेआठला प्रसेनजितचा, धाकट्या भावाचा, फोन आला. बाबा टाकीकडं गेले होते. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी रोज जात. नव्या माणसानं टाकी भरली की नाही ते बघायला. टाकीच्या पायरीवर टेकले आणि तिथंच गेले. “डॉक्टर म्हने, अटॅक,” प्रसेनजित म्हणाला. 

मंगळवारपासून रत्नमालाला एका जागी बसवेना. गावच्या घरात ती ओसरीतून परसात आणि परसातून ओसरीत फिरत राहिली. भांडी घासलेली होती ती पुन्हा घासली. बाबांचे सदरे घडी केले, उघडले, वेगळ्या घडीत ठेवले. आणि बोटं थांबत नव्हती. भेटायला येणारा जो जे बोलेल त्याच्या मात्रा अंगठा पेरांवर मोजत सुटे. आसेगावच्या आत्यानं दारातच हंबरडा फोडला, “लय चांगला मानूस होता!” सोळा, अंगठा म्हणाला. तिनं मूठ आवळून पदराखाली घेतली.

बुधवारी प्रसेनजित जवळ येऊन बसला. ती उभीच होती.

“ताई, रविवारी पुण्यानुमोदन. येनाऱ्यायले बाबाचं गानं छापून देऊ म्हनतो. एका बाजूले फोटो अन् गानं, दुसऱ्या बाजूले तू रसग्रहण लिही. पोरायले शिकवतं तसं. अन् उभं राहून चार शब्द बोल.”

“मी?”

“आपल्यात एवढं शिकेल दुसरं कोन हाय? बाबाचे दीडशेक गाने असतीन, पन एक बी छापेल नाई. हे पयलं. जे छापू तेच लोकाच्या घरी राहीन.”

“गाणं कुठलं?”

उत्तर सुकेशनीनं दिलं, प्रसेनजितच्या बायकोनं. ती आतून वही घेऊन आली. “आता यातलंच घ्या, ताई. मामंजी रविवारी तुमच्याकडून आले तसे लिहाले बसले. जेवाले बोलावलं तं म्हने, थांब, मालानं दुरुस्त करून देल्लं, ते पक्कं करून ठेवतो.”

वहीच्या नव्या पानावर गाणं निळ्या शाईत उतरवलेलं होतं. शाळेत पुस्ती काढावी तसं अक्षर. सारी, बाई, तेव्हा, माझी. चारही शब्द आपल्या जागी, त्याच निळ्या शाईत. मागचं लाल शाईचं पान भिवाजींनी फाडून टाकलं होतं.

“म्हंजे पक्कंच हाय,” प्रसेनजित म्हणाला. “शुक्रवारी दुपारपरेंत मालेगावले छापाले द्याचं.”

रत्नमालानं कागद घेतला आणि परसात गेली. बाजेवर बसली, उठली, खांबाला टेकून उभ्यानं लिहू लागली. हे काम तिच्या हातचं होतं. शेकड्यानं कविता तिनं अशा उलगडल्या होत्या.

गाण्याचं यमक घागर या शब्दाशी सुरू होतं आणि घागरीशीच संपतं. मध्ये नंबर आणि चक्कर. यमकाच्या या चार पायऱ्या उतरताना रिकामी घागर भरते. गाण्यात उपमा एकही नाही. टाकी ही टाकीच, चावी ही चावीच. राग कुठंही शब्दात आलेला नाही. रांगेत कोण कुठं उभं होतं एवढंच सांगितलं आहे आणि राग ऐकणाऱ्याच्या पोटात उठतो. दुसऱ्या कडव्यात बाईचं नाव येतं, तिसऱ्यात पहिल्यांदा कवी स्वतः येतो, तोही फक्त हातापुरता. सगळं गाणं ज्या शब्दावर फिरतं तो शब्द ‘उलटी’. एरवी वाईट अर्थानं येणारा हा शब्द इथं न्यायाचा झाला आहे.

इथपर्यंत हात भराभर चालला. हे सगळं तिनं रविवारी बाबांना सांगितलं असतं तर? पाचच मिनिटं लागली असती.

पुढं भाषाशैली लिहायची होती. ती दुसऱ्या ओळींकडं आली आणि अडकली. खाली सुकली घागर सारी. एकच घागर, मग सारी कशाला? नंबर बाई. कोण बाई? नुसती भरती. मात्रा पुऱ्या करायला कवी असे पोकळ शब्द घालतो, हा दोष समजावा, असं ती दरवर्षी फळ्यावर लिहीत आली होती. ते चारही काढले तरी अर्थाला केसाइतकाही धक्का लागत नव्हता. उलट ‘माझी’ काढलं की घागर पुन्हा लिलाबाईची होत होती.

पण काढले की ओळ लंगडी. ठेवले की खोटी. ती बाजेभोवती फिरत राहिली. कमी नाई पडत, जागा हाय ते. कसली जागा, हे तिनं विचारलंही होतं. उत्तराची वाट मात्र बघितली नव्हती.

गुरुवारी तिनं तीन मसुदे फाडले. प्रसेनजितनं दोनदा येऊन विचारलं, झालं का. तिसऱ्यांदा सुकेशनीनं त्याला ओढून नेलं.

शुक्रवारी सकाळी ती एकटीच तालुक्याच्या गावी, मालेगावला गेली. छापखाना अमानचा. छापखाना म्हणजे एक खोली, दोन कॉम्प्युटर आणि एक मोठं यंत्र. त्याच्याच पायरीवर अमानचे काका गुलाम नबी ढोलकीच्या दोऱ्या ताणत बसले होते. भिवाजींच्या गायन पार्टीत त्यांनी तीस वर्षं ढोलकी वाजवली होती. मयताला ते आले होते, पण तेव्हा बोलणं झालं नव्हतं.

“ये बेटी, बैस.”

“बसवत नाही, चाचा.”

“तं उभी राह्य. उभ्या मान्साले चहा पाजाची काई बंदी नाई.” त्यांनी पलीकडच्या हॉटेलाकडं दोन बोटं दाखवली. “डोळे पाह्य कसे झाले तुहे. झोपली नाईस ना?”

प्रसेनजितनं गाणं आधीच पाठवलं होतं, त्याच्या नमुन्याचा कागद अमाननं काढून तिच्या हातात दिला. ती बघायच्या आतच गुलाम नबींनी तो घेतला, चष्मा कपाळावरून खाली आणला आणि मांडीवरच्या ढोलकीवर बोटं टेकवून हळू म्हणू लागले. टाकी भरली टेकडीवरी. खाली सुकली घागर... आणि त्यांचा उजवा हात आपोआप वर उचलला गेला. तेवढ्यात डोळ्यांना पुढचा शब्द दिसला. हात तसाच हवेत राहिला.

“हे ‘सारी’ कोनं घुसवलं?”

“ओळ कमी पडत होती, चाचा.”

“कोनाले कमी पडत होती?”

“चार मात्रा...”

“भिवादादाले मोजता येत नव्हतं काय? अरे, तो मानूस टाकीतलं पानी डोळ्यानं मोजे. मात्रा तं त्याले झोपेत बी चुकत नसे. कोन बेवकूफ हाय हा?”

“मी,” रत्नमाला म्हणाली. “लाल पेनानं केलं. रविवारी.”

गुलाम नबींनी चष्मा काढला. चहा आला तो दोघांपैकी कुणी घेतला नाही. खोलीत अमानचं यंत्र कुणाच्या तरी लग्नाच्या पत्रिका खडाखड बाहेर टाकत होतं.

“मले मालूम नव्हतं,” ते म्हणाले. मग सांगू लागले, तिच्याकडं न बघता, दोरी ताणत. “हे भाभीची जागा हाय, बेटी. कोनतं बी गानं असो, भिवादादा दोन ओळी म्हने अन् थांबे. भाभी चुलीपासून आवाज दे, ‘मंग?’ तवा तो पुढं सरके. घरी बी तसंच, स्टेजवर बी तसंच. स्टेजवर भाभी मांगं कोरसमंदी बसे, अन् असा लांब ओढून म्हने, ‘मंगऽ?’ लोक खळखळून हासत. त्या जाग्यावर म्या कधी थाप नाई मारली. हात उचलून धरो. भाभी गेली, तरी नाई मारली.”

“आई गेल्यावर कोण म्हणायचं?”

“कोनी नाई.”

“मग जागा का ठेवली?”

“म्या इचारलं होतं. दादा, रिकामं कायले ठेवतं, भरून टाक. तं म्हने, माला हाय ना. दर इतवारी जातो तिच्याकडं. म्हनन एखांद्या दिवशी.”

रत्नमाला पायरीवर बसली. मंगळवारपासून पहिल्यांदा एका जागी बसली.

तिला आठवलं ते एवढंच, की चौथीत असताना ती कंदील जवळ ओढून अभ्यास करायची आणि चिडून म्हणायची, आई, मध्ये मध्ये नको ना बोलू, बाबांचं गाणं तुटतं. आई म्हणायची, तुटत नाई वं, पुढं चालते. आणि गेल्या सहा वर्षांतले रविवार आठवले. दोन ओळी. थांबणं. चष्म्याच्या वरून बघणं. पंख्याकडं बघावं तसं तिनं त्या नजरेकडं बघितलं होतं, म्हणजे बघितलंच नव्हतं. दर रविवारी ते एकच शब्द मागायला यायचे, आणि ती त्यांना गुण देऊन परत पाठवायची.

“गाण्याच्या शेवटच्या ओळीनंतरही आई म्हणायची?”

“तवा तं जरूरच म्हने!” गुलाम नबी पहिल्यांदा हसले. “गानं संपलं, लोक उठले, तरी भाभीचं ‘मंग?’ अन् दादा म्हने, ‘मंग काय? पानी भर लवकर, नाई तं टाकी रिकामी होईन.’ त्याच्यावर टाळ्या पडत. गान्यावर नाई पडत एवढ्या.”

ती उठून आत गेली. “अमान, हे चार शब्द काढून टाका.”

“मॅडम, लाइन छोटी दिसीन. मधात घेऊ काय?”

“नाही. डावीकडंच राहू दे. उजवीकडं जागा सोडा.”

“रिकामी?”

“रिकामी.”

प्रसेनजितला तिनं तिथूनच फोन केला. तो भडकला. “बाबानं सोताच्या हातानं पक्कं केलं होतं, ताई. आता तू बदलून राह्यली?”

“मी आधी बदललं होतं. ते परत घेतेय.”

“लोक म्हनतीन, गानं तुटेल छापलं.”

“म्हणू देत.”

“अन् रसग्रहण?”

“लिहिते,” ती म्हणाली, आणि छापखान्याच्या टेबलावर वाकून मागच्या बाजूसाठी सहाच ओळी लिहिल्या. घागर ते घागर, उपमा नसणं, उलटी या शब्दाचं वजन. शेवटची ओळ होती: हे गाणं दोघांचं आहे, कागदावर एकाचंच उतरलं आहे. खाली नाव घालायचं का, अमाननं विचारलं. घाला, ती म्हणाली. भिवाजी आणि लिलाबाई यांची मुलगी, एवढंच घाला.

रविवारी घरासमोर पुण्यानुमोदनाचा मांडव पडला. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, टेबलावर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी, त्यांच्या शेजारी भिवाजींचा फोटो. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील घेतलं. माणसं बोलली, टाकीच्या चावीचा विषय निघाला तेव्हा वरच्या आळीतला एक म्हातारा उठून म्हणाला की तेव्हा सगळ्यात जास्त शिव्या आपणच दिल्या होत्या, आणि खाली बसला. मग रत्नमालाचं नाव पुकारलं गेलं. तिनं कागद हातात घेतला. यमकाबद्दल बोलली, दोन वाक्यं उपमेबद्दल बोलली, आणि मांडवात कुणीतरी माना डोलावतंय हे दिसल्यावर तिला ते सगळं बहात्तर पेपरांसारखं वाटायला लागलं. “पुढचं चाचा म्हणतील,” ती म्हणाली. बसायला जागा होती, पण ती माईकच्या बाजूला उभीच राहिली.

गुलाम नबींनी ढोलकी मांडीवर घेतली. आवाज थकलेला होता, पण चाल भिवाजींचीच.

टाकी भरली टेकडीवरी
खाली सुकली घागर

हात वर गेला. हातातल्या कागदावर लोकांना तीच मोकळी जागा दिसत होती. कुणीतरी खाकरलं. पुढच्या रांगेतल्या दोन-तीन म्हाताऱ्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. त्यांना ठाऊक होतं इथं काय होतं ते. रत्नमालाचा अंगठा पेरांवर मोजत होता. एक, दोन, तीन, चार. हात खाली आला.

लिला उभी ती पाठीमागं
शेवट तिचाच नंबर

तिचे ओठ हलले. आवाज फुटला नाही. चौदा वर्षं चाळीस-चाळीस मुलांसमोर चालणारा तो आवाज. एक, दोन, तीन, चार.

हाती माझ्या चावी आली
फिरली उलटी चक्कर

या वेळी गुलाम नबींनी हात वर धरला आणि सरळ तिच्याकडं बघितलं. चष्म्याच्या वरून. तिनं नजर भिवाजींच्या फोटोकडं वळवली. जागा निघून गेली.

टोकाकडुनी पाणी सुटलं
पहिली भरली घागर

हात वर गेला आणि वरच राहिला. आता पुढं ओळ नव्हती. तरी गुलाम नबींनी तो खाली घेतला नाही. रत्नमालाचा अंगठा पहिल्या पेरावर टेकला आणि पुढं सरकेना. तिनं मूठ उघडली. माईकजवळ गेली नाही. फोटोकडं तोंड करून, चुलीपासून ओसरीत जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली,

“मंगऽ? मंग, बाबा?”